बारा तासांचा उपवास

मंगळवारी सकाळी नानांनी एक पाकीट तळहातावर तोललं आणि जाहीर केलं, "बावीस ग्रॅम. वीसच्या वर गेलं की जादा तिकीट लागतं. यांनी लावलेलं नाही."

नाना म्हणजे माझे वडील, वैजनाथ निसळ, निवृत्त पोस्टमास्तर, मुक्काम देवळाली प्रवरा. निवृत्तीला सोळा वर्षं झाली तरी त्यांच्या तळहाताचा काटा बिघडला नव्हता. मी पाकीट स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं. बावीस. परीक्षा काट्याची होती आणि तो पास झाला, अशा नजरेनं नानांनी त्याच्याकडे पाहिलं.

पाकिटात सूचनापत्र होतं. बुधवारी सकाळी साडेसातला प्रकल्पाच्या समन्वयक रुपालीताई घरी येऊन कन्येच्या रक्ताचा नमुना घेतील, आणि त्याआधी बारा तास कन्येनं पाण्याखेरीज काहीही घेऊ नये. 'काहीही'खाली दोन रेघा होत्या. त्या रेघा आमच्यामुळे ओढाव्या लागल्या होत्या, ते पुढे सांगते. नानांनी पत्र दोनदा वाचलं, मूळच्या घडीवर घडी घातली, चष्मा पुसला आणि "जरा गहिनीनाथाकडे जाऊन येतो" म्हणून शेजारी गेले. दुपारी आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. संध्याकाळी त्यांनी उन्हात ठेवलेले रेडिओचे सेल आत आणले. सेल उन्हात तापवले की चार दिवस जास्त चालतात, असं त्यांचं मत होतं. त्या दिवसात लक्षात ठेवण्यासारखं काहीच नव्हतं. बुधवारी सकाळी नाना गेले, म्हणून आता मला त्या मंगळवारचं सगळं लक्षात ठेवावं लागतं. सेलसुद्धा.

हा सगळा उपद्व्याप एका निरुपद्रवी ग्रंथीपासून सुरू झाला.

वर्षभरापूर्वी नगरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी बघून सांगितलं, की प्रोस्टेट वाढली आहे, पण वाढ निरुपद्रवी आहे, वयाप्रमाणे होते. नानांना निरुपद्रवी हा शब्द फार आवडला. "माझ्यासारखीच दिसतेय," ते म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी माझ्यासमोर त्या अवयवाचं नाव कधीच घेतलं नाही. मुलीसमोर काय बोलायचं आणि काय नाही, याचं त्यांचं नियमपुस्तक टपालखात्याच्या नियमपुस्तकापेक्षा जाड होतं. आई सहा वर्षांपूर्वी गेली. तिच्यामागं आम्ही दोघं त्या पुस्तकाच्या आधारे व्यवस्थित राहत होतो. मी राहुरीच्या कॉलेजात मराठी शिकवते. दिवसभर इतरांच्या शब्दांचा अर्थ सांगायचा आणि घरी येऊन आपले शब्द गिळायचे, हे मला चांगलं जमलं होतं.

शेजारचे गहिनीनाथ मात्र कोणतंच पुस्तक मानत नाहीत. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते गल्लीच्या आरोग्यखात्याचे मानद प्रमुख आहेत.

"पोस्टेट हाय का, मास्तर?" त्यांनी रस्त्याच्या पलीकडून विचारलं होतं. "हुनारच की! जल्मभर पोस्टात काडला, मग पोस्टेट न्हाई हुनार तर काय? मी शुगर फॅक्टरीत हुतो, मला शुगर झाली."

या सिद्धान्तात खोट कुठं काढायची ते मला आजही कळलेलं नाही. गल्लीनं तो एकमतानं स्वीकारला. भोपळ्याच्या बिया आल्या, गोखरूचा काढा आला, कोणीतरी सायकल विकून टाका म्हणून सांगून गेलं. नानांनी यातलं काहीच केलं नाही, फक्त सगळ्यांना पोच दिली.

मग तपासणीसाठी गेले असताना त्यांना दवाखान्याच्या भिंतीवर तो प्रकल्प सापडला. रुपाली नावाची एक पोरगेली, चटपटीत बाई टेबल टाकून बसली होती. तिनं समजावून सांगितलं. आपल्या रक्तात हजारो बारीकसारीक घटक फिरत असतात. खाल्लेल्या अन्नाचं शरीर जे काही करतं, मोडतं, जोडतं, त्यातून ते तयार होतात. कोणाच्या रक्तात एखादा घटक जन्मतःच जास्त असतो, कोणाच्या कमी, कारण ते जनुकांत लिहिलेलं असतं. आता ज्यांच्या नशिबी तो घटक जास्त, त्यांचीच प्रोस्टेट जास्त वाढते का, हे बघायचं होतं. तसं निघालं, तर तो घटक निव्वळ सोबतीला आहे की खरा कारस्थानी आहे, याचा अंदाज येतो.

बसमध्ये नानांनी हे सगळं मला त्यांच्या भाषेत परत सांगितलं. "रक्त म्हणजे टपालगाडी. तिच्यात हजार पाकिटं. त्यातली कोणती पाकिटं एकाच पत्त्यावर सारखी येऊन पडतात आणि तिथं गठ्ठा वाढतो, ते शोधायचं. आणि पाठवणारा कोण, तर आपले पूर्वज." पत्ता कोणता, हे त्यांनी सांगितलं नाही. नियमपुस्तक.

मोफत तपासण्यांचं त्यांना काही नव्हतं. त्यांना भुरळ घातली ती अकरा पानी फॉर्मनं. सोळा वर्षांत त्यांना इतका भरभक्कम कागद कोणी दिला नव्हता. सुवाच्य अक्षर, खाडाखोड नाही, आणि जो रकाना लागू नाही त्यावर तिरकी रेघ, म्हणजे मागाहून कोणी काही घुसडू नये. जिल्ह्याच्या रकान्यात त्यांनी ठळक 'अहिल्यानगर' लिहिलं आणि एसटीत चढताना कंडक्टरला म्हणाले, "तीन नगर."

तिसरं तिकीट गहिनीनाथांचं होतं. मास्तर विज्ञानासाठी रक्त देणार आणि आपण मागं राहणार, हे त्यांना पटलं नाही. पहिल्या नमुन्याच्या पत्रात लिहिलं होतं, 'बारा तास उपवास करून यावे.'

आता मी शिकलेली बाई आहे. चार भाषांतली पुस्तकं माझ्या कपाटात आहेत. तरीही आदल्या संध्याकाळी दाण्याचं कूट मी माझ्या हातानं केलं, हे कबूल केलं पाहिजे. उपवास म्हटल्यावर आमच्या घरात दुसरा काही अर्थच निघत नाही. रात्री वरई आणि दाण्याची आमटी झाली. पहाटे साबुदाण्याची खिचडी, वर चमचाभर तूप. गहिनीनाथांच्या बायकोनं, भीमाबाईंनी, रताळ्याचा कीस पाठवला. नानांनी खिचडीत चुकून पडलेली कोथिंबीर वेचून बाजूला ठेवली, कारण आमच्याकडे ती उपवासाला चालत नाही. इतक्या काटेकोरपणे विज्ञानाची सेवा क्वचितच कोणी केली असेल.

त्याच दिवशी सोनोग्राफीही होती, आणि तिला मूत्राशय भरलेलं हवं होतं. म्हणून राहुरी फॅक्टरीच्या थांब्यावर नानांनी घड्याळ लावून लिटरभर पाणी प्यायलं. नगर-मनमाड रस्त्यावरून वाढलेली प्रोस्टेट आणि लिटरभर पाणी घेऊन जाणं म्हणजे काय, हे मी वर्णन करणार नाही. नाना विळद घाटापर्यंत ताठ बसले होते. मग त्यांनी गहिनीनाथांच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि गहिनीनाथ उभे राहून भर एसटीत ओरडले, "गाडी थांबवा! मास्तरांचं पोस्टेट हाय!"

कंडक्टर मागं न बघता म्हणाला, "टपाल आता एसटीनं जात न्हाई, बाबा. पोस्टाची येगळी गाडी हाय."

गाडी थांबली तोवर सगळ्या गाडीला नानांचा आजार, हुद्दा आणि गाव कळलेलं होतं. नाना खाली उतरले आणि परत चढले, दोन्ही वेळा दांडीला धरून, सावकाश, ध्वजवंदनाला निघाल्यासारखे. सोनोग्राफी अर्थातच परत करावी लागली.

रक्ताचं त्याहून वाईट झालं. रुपालीनं विचारलं, "काही खाल्लंय का?" दोघं एका सुरात म्हणाले, "छे! कडक उपवास." अर्ध्या तासानं ती एक नळी घेऊन बाहेर आली. यंत्रात फिरवल्यावर रक्तावर जो पाण्यासारखा द्रव तरंगायला हवा होता, तो दुधासारखा पांढरा झाला होता. तिचा चेहराही.

गहिनीनाथांनी वाकून पाहिलं. "म्हशीचं हाय का गाईचं?"

"काका, खरं सांगा, काय खाल्लंत?"

"उपासाला जे चालतं त्येच की!"

रुपाली खुर्चीत बसली. मग तिनं सांगितलं, की त्या आठवड्यात असे सतरा जण आले होते. तिच्या वरिष्ठांना काही रक्तांत एक अगम्य साम्य दिसत होतं आणि ते उत्साहानं त्याचं कारण शोधत होते. ते कारण शेंगदाणा होतं. तेव्हापासून पत्रात 'उपवास' शब्द गेला आणि 'पाण्याखेरीज काहीही नाही' आलं, दोन रेघांसकट.

दुसऱ्या खेपेला नानांचं रक्त बिनतक्रार घेतलं गेलं. इथं हे प्रकरण संपायला हवं होतं. पण फॉर्मच्या पान सातवर अपत्यांची माहिती विचारली होती, आणि नानांनी तिथं माझं नाव लिहिलं होतं. रकाना आहे म्हटल्यावर त्यांनी तो भरला. परिणाम काय होईल, हे त्यांच्या लक्षात आलं रुपालीचा फोन आला तेव्हा. जनुकं मुलीकडेही जातात, तिचंही रक्त लागेल.

नानांचा चेहरा मी पाहिला. आणि आता तुम्हालाही सांगायला हवं, की मी नाना-आईंची दत्तक मुलगी आहे. मी पाच महिन्यांची असताना त्यांनी मला पुण्याच्या एका संस्थेतून आणलं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मला ते चौदाव्या वर्षी कळलं, जुनी तिकिटं शोधताना नानांच्या पत्र्याच्या पेटीत कोर्टाचा कागद सापडला तेव्हा. मी तो वाचला, घडीवर घडी घातली आणि परत ठेवला. मला कळलंय हे मी त्यांना सांगितलं नाही. आधी धक्क्यानं. मग परीक्षा होत्या म्हणून. मग आईचं आजारपण. मग सवय झाली. तीस वर्षं आम्ही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो, एकाच घरात.

आणि आता ती गोष्ट एका सुईनं बाहेर पडणार होती.

कोणी म्हणेल, नाही म्हणून टाकायचं. पण नानांनी सही केली होती. दिलेली सही मागं घेणं म्हणजे टाकलेलं पत्र पेटीतून काढणं, आणि तो त्यांच्या लेखी गुन्हा होता. मी नाही म्हणावं, तर नाना विचारणार का, आणि त्या 'का'चं उत्तर माझ्याकडे होतं हीच अडचण. म्हणून आम्ही दोघंही सहकार्य करायला तयार होतो आणि दोघंही मनापासून प्रार्थना करत होतो.

पहिल्यांदा रुपाली घरी आली, त्या सकाळी सहा वाजता नाना माझ्या उशाशी चहा घेऊन उभे होते. चव्वेचाळीस वर्षांत त्यांनी मला अंथरुणात चहा दिलेला नव्हता. "पी, गार होईल," ते भिंतीकडे बघत म्हणाले. मी प्यायले. रुपाली हात हलवत परत गेली. दुसऱ्यांदा साडेसहाला भीमाबाई द्रोण घेऊन दारात. "सत्यनारायनाचा परसाद हाय, पोरी. परसादाला न्हाई म्हनू नगं." पूजा कधी झाली, कोणी ऐकली, माहीत नाही. शिरा गरम होता. मी खाल्ला. रुपालीनं वहीत काहीतरी लिहिलं आणि मला पहिल्यांदा 'मॅडम'ऐवजी 'अहो' म्हटलं.

शिवाय तिचा एक वेगळा तगादा होता. "काका, पान सात, रकाना चार रिकामा राहिलाय."

"माझ्या हातून रकाना सुटणं शक्य नाही," नाना फोनवर म्हणायचे. "तुमचा छापा पुसट असेल." असं चार वेळा झालं.

त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी मी कॉलेजच्या कामानं नगरला गेले होते. रुपालीला गाठलं आणि आडवळणानं विचारलं, की समजा एखाद्याचं रक्ताचं नातं निघालंच नाही तर? ती सहज म्हणाली, "संगणक आधी तेच बघतो. नाही जुळलं तर नमुना बाजूला काढतो. कोणाला कळवत नाही. पान नऊवर छापलंय."

नानांनी पान नऊ वाचलं असणारच. पण 'नाजूक, जपून हाताळा' असं छापलेल्या पार्सलांचं पुढे काय होतं, हे ज्यानं चौतीस वर्षं पाहिलंय, तो छापील आश्वासनावर विश्वास ठेवत नाही.

म्हणजे भिण्यासारखं काही नव्हतंच. परतीच्या एसटीत मी ठरवलं, आता बोलायचं. मंगळवारी बोलणार होते. पण मंगळवार असा निवांत होता, पिठलं चांगलं झालं होतं, सेल उन्हात होते. म्हटलं, उद्या रुपाली येऊन गेली की बोलू.

बुधवारी साडेसहाला जाग आली. उशाशी स्टुलावर ताटली होती. तिच्यात एक राजगिऱ्याचा लाडू, शेजारी फुलपात्रात दूध, वर झाकण. मला हसू आलं. तिसऱ्या खेपेला नानांनी निदान उपवासाचा पदार्थ निवडला होता, म्हणजे कोणी विचारलंच तर नियमाचा आधार होता. मी अंथरुणात बसून तो लाडू खाल्ला. सावकाश, शेवटच्या कणापर्यंत. दूध प्यायले. मग बाहेर आले.

नाना व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत होते. चष्मा कपाळावर. मांडीवर भीमाबाईंचा स्टीलचा डबा, हातात डब्याचं झाकण. मला वाटलं डुलकी लागली. मी म्हणाले, "नाना, लाडू खाल्ला हो मी." मग झाकण घ्यायला हात लावला.

रुपाली साडेसातला आली. आमच्या घरी ती पहिल्यांदाच वेळेवर पोचली होती. दारात माणसं बघून तिनं रक्ताची पेटी पाठीमागं लपवली, लग्नघरात चुकून आलेल्या माणसासारखी. गहिनीनाथ व्हरांड्याच्या पायरीवर बसून एकच वाक्य म्हणत होते, "पन पोस्टेटनं मानूस मरत न्हाई म्हनले हुते! मी सोता ऐकलंय! मरत न्हाई म्हनले हुते!"

डॉक्टरांनी सांगितलं, हृदय. प्रोस्टेटचा काही संबंध नाही. ती वाढ शेवटपर्यंत निरुपद्रवीच होती. आम्ही सगळे वर्षभर एका दारावर पहारा देत होतो आणि मृत्यू दुसऱ्या दारानं येऊन गेला. माझा अजून विश्वास बसत नाही. ध्यानीमनी नसताना, असं दुःखाच्या पत्रांत लिहितात. ते किती अचूक आहे, हे मला भाषा शिकवूनही माहीत नव्हतं.

पंधराव्या दिवशी रुपाली पुन्हा आली. नानांची फाईल घेऊन. गहिनीनाथ आणि भीमाबाई बसलेच होते. ते रोज येऊन बसतात, बोलत नाहीत, चहा घेतात आणि जातात. गहिनीनाथांचं हे वागणं मला सगळ्यांत जास्त घाबरवतं.

रुपाली चाचरत म्हणाली, "काकांचं रक्त आमच्याकडे आहे. ठेवायचं की नष्ट करायचं, ते वारसानं लिहून द्यायचं असतं."

"कुठं आहे?"

"नगरला. फ्रीजरमध्ये." मग तिनं भर घातली, "ती पहिली पांढरी नळीपण आहे. नवीन मुलांना दाखवायला ठेवलीय."

जगात नाना आता तेवढेच उरले होते. एक बिनचूक नळी, आणि एक माझ्या खिचडीची.

"ठेवा," मी म्हणाले.

"मग एवढं पूर्ण करावं लागेल." तिनं पान सात पुढे केलं. नानांचं अक्षर. लागू नसलेल्या प्रत्येक रकान्यावर तिरकी रेघ. फक्त रकाना चार कोरा. 'अपत्याशी नाते : जैविक / दत्तक.' त्यावर रेघ नव्हती, खूण नव्हती. अगदी जवळून पाहिल्यावर शाईचा एक ठिपका दिसला. तिथं पेन टेकवलं होतं आणि उचललं होतं. खोटं लिहायचं नाही आणि खरं लिहायचं नाही. साऱ्या नोकरीत कधी न सोडलेला रकाना त्यांनी माझ्यासाठी सोडला होता.

"काय लिहू?" रुपालीनं विचारलं.

"दत्तक."

भीमाबाईंनी कपबशी खाली ठेवली. गहिनीनाथ पुढे वाकले. "तुला ठावं हाय?"

"चौदाव्या वर्षापासून."

"आगं!" ते उठूनच उभे राहिले. "आन आमी चाळीस-पंचेचाळीस वरीस गप! समदी गल्ली गप! मास्तरांनी शपथ घातली हुती. माज्या पोटात आजवर एक गोष्ट ऱ्हायली न्हाई, येवढी येकच ऱ्हायली!"

"आन मी खोटा सत्यनारायन घातला," भीमाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "देवाला काय सांगू आता? मंगळवारी आले, म्हनले, भीमाबाई, लाडू वळून द्या, पोरीला काय कळाय नगं. तू येकदा तरी बोलायचं न्हाईस का गं त्येंच्यापाशी?"

रुपालीचं पेन हवेत होतं. वेताच्या खुर्चीवर नानांचा चष्मा होता, तो कुठं ठेवायचा ते अजून ठरलं नव्हतं. मी तिकडे वळले. माझा आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत जातो, पण तो इतका मोठा निघेल असं मला वाटलं नव्हतं.

"नाना, मला सगळं माहीत होतं. चहा, शिरा, लाडू, दर वेळी मी जाणूनबुजून खाल्लं. मला तुमचीच राहायचं होतं."